घोड्याचे दात आणि सुकलेला भोपळा



संयोजकांनी यंदाच्या संमेलनाला विषय दिलाय, ‘रोजच्या गोष्टींकडे नव्या नजरेने’. विषय चांगला आहे, म्हणूनच जरा जपून हाताळायचा. नव्या नजरेची हाक दिली की लिहिणारा माणूस खिडकीत बसतो, डोळे किलकिले करतो आणि तारेवरच्या थेंबाला मोती म्हणून मोकळा होतो. घरात मोती कुणी पाहिलेला नसतो, हा भाग वेगळा.

नजर म्हटलं की मला सारंगखेडा आठवतं. दत्तजयंतीला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार लागतो. तिथला जाणता गिऱ्हाईक घोडा कसा बघतो? आधी ओठ उचलून दात. दुधाचे दात पडत पडत पाचव्या वर्षाच्या सुमारास तोंड भरतं, त्यावरून वयाचा अंदाज. मग अंगावरचे भोवरे, कुठला शुभ, कुठला खोडीचा. मग पायांवरून हात फिरवणं, मग चाल. आपण ज्याला ‘पांढरा घोडा’ म्हणतो, त्याची गुलाबी कातडी बघून तो ‘नुकरा’ म्हणतो. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असला की पंचकल्याणी. भोवऱ्यांचं शुभाशुभ मी मानत नाही. पण त्या निमित्ताने घोड्याचं अंग वीत वीत तपासलं जातं. आपल्या कवितेतला घोडा इतका कुणी तपासलाय?

याच नव्या नजरेबद्दल 1917 साली व्हिक्टर श्क्लोव्स्की या रशियन समीक्षकाने मांडलं की सवयीने वस्तू दिसेनाशा होतात, कलेने त्या अनोळखी करून पुन्हा दाखवाव्यात. दाखला त्याने टॉलस्टॉयच्या ‘खोल्स्तोमेर’ या कथेचा दिला. ती एक घोडाच सांगतो, आणि माणसं आपल्याला ‘माझा घोडा’ का म्हणतात हे काही केल्या त्याला उमगत नाही. विचार मोठा आहे. पण तो मला निम्माच पटतो. लांबून बघणाऱ्याची सवय डोळे मिटवते, हे खरं. हाताला पडलेली सवय मात्र डोळे उघडते. बहिणाबाई चौधरींना जात्याकडे नव्याने बघायला कुणी शिबिरात शिकवलं नव्हतं. रोज दळायचं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईचा संग्रह 1952 साली, त्या गेल्यावर निघाला, आणि मराठी कविता चकित झाली.

आता भोपळ्याकडे येतो. दुधीच्या जातीचा, पण कडू. कडू फळ भाजीला चालत नाही, तरी ते फेकून द्यायचं नाही हे कधी काळी कुणाला तरी सुचलं. वेलावरच जून होऊ द्यायचं. वाळलं की साल लाकडासारखी होते, आत बिया वाजायला लागतात. तोंड कापून गर आणि बिया काढल्या की पाण्याचं भांडं तयार. तोंड बंद ठेवून अंगाला बांधलं तर नदी पार करायला तुंबा. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीत हेच भोपळे नाचणाऱ्या बुध्यांच्या कमरेला येतात. अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, आणि नाच सुरू झाला की घुंगरांच्या सोबतीने भोपळेही आवाज धरतात. पालघरकडे त्याला बांबू जोडून तारपा होतो. मिरजेला त्याचाच तंबोरा होतो. आणि तो करणारे मूळचे कोण? शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे! 19व्या शतकात संस्थानी फौजांची कामं आटली, तेव्हा फरीदसाहेब शिकलगारांनी वाद्यदुरुस्तीत हात घातला आणि मिरजेचा तंतुवाद्यांचा धंदा उभा राहिला.

यात कुणी प्रतिभेची वाट बघत बसलेलं मला दिसत नाही. कुणाचं पाणी अडलं होतं, कुणाची नदी, कुणाचं पोट. अडल्यावर माणूस हातातली वस्तू उलटीपालटी करून बघतो, आणि तेव्हा ती वेगळी दिसते. वापरून विरलेलं लुगडं लुगडं म्हणून संपतं, तेव्हा घरातली बाई त्यात गोधडी बघते. आपल्या शहादा भागातले कवी वाहरू सोनवणे यांनी 1987 साली संग्रहाला नाव दिलं ‘गोधड’. पोथी-पुराणातलं नाव शोधायला ते गेले नाहीत.

म्हणून आपल्या लेखनाबद्दल थोडं कडवट बोलतो, अध्यक्षाला तेवढी मुभा असते. सातपुड्यावरच्या कवितांत मोह दरवळतो, पावरीचे सूर घुमतात, डोंगर निळे असतात आणि आदिवासी निरागस असतो. हे सगळं रस्त्यावरच्या गाडीच्या काचेतून दिसतं. मोहाची फुलं पहाटे वेचावी लागतात, वाळवून ठेवावी लागतात, बाजारात वजनावर जातात. धडगावकडे कैऱ्या सोलून आमचूर वाळत घालणाऱ्या बाईच्या बोटांना त्या आंबट रसाने काय होतं, हे मला अजून एकाही कवितेत सापडलेलं नाही. सापडलं तर ती कविता मी पदरखर्चाने छापेन. टाळ्या नकोत, कविता पाठवा.

संयोजकांना एक मागणी करतो. पुढच्या वर्षी एक सत्र लेखकांचं ठेवू नका. नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बायांना मंचावर बसवा. देहवाली, पावरी, मावची, अहिराणी, ज्यांची जी भाषा असेल तिच्यात त्यांना बोलू द्या. ज्यांना कळणार नाही त्यांनी शेजाऱ्याला विचारावं. आपण सगळे वही घेऊन खाली बसू. माझा पहिला प्रश्न तयार आहे: अवकाळीचे ढग येताहेत आणि मैदानभर मिरची पसरलेली आहे, तर तुम्ही आधी कुठल्या बाजूची उचलता, आणि ते कशावरून ठरवता?