कारागृहातील मोडतोड आणि समाजाचा हिशेब



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. पुढे माझी सारी नोकरी लेखापरीक्षणात गेली. त्यामुळे एखादी वस्तू मोडली की तिचा खर्च कोणाच्या नावे पडतो, हा प्रश्न मला सवयीनेच पडतो. कारागृहातील मोडतोडीच्या बाबतीत तो क्वचितच विचारला जातो.

आपल्या सुरतेजवळ लाजपोरचे मध्यवर्ती कारागृह आहे. तेथील बंदिवान हिरे घासण्याचे कामही करीत आले आहेत. ती घंटी, भिंतीवरचा दिवा, पाण्याचा नळ, हे सारे सार्वजनिक धनातून उभे राहते. कारागृहाची मालमत्ता हेतुपुरस्सर मोडणे हा 1894 च्या कारागृह अधिनियमाच्या 45 व्या कलमाने अपराध ठरवला. त्यावरील शिक्षांचा भर मात्र शिस्तीवर आहे, भरपाईवर नाही. आणि भरपाई घ्यायची तरी कशातून? बंदिवानाला मिळणारी मजुरी तुटपुंजी. गुजरात राज्यातूनच गेलेल्या प्रकरणात 1998 साली सर्वोच्च न्यायालयाने सक्तमजुरीच्या कैद्यांना न्याय्य वेतन देण्याचा आणि त्यातील काही भाग पीडितांसाठी राखण्याचा विचार मांडला. त्या वेतनावर पीडिताचा आणि कैद्याच्या घरच्यांचा हक्क आधीच आहे. तेव्हा मोडलेल्या गजाचे बिल अखेर तुमच्याआमच्याकडेच येते.

सगळी मोडतोड एका जातीची नसते. फेब्रुवारी 2013 मध्ये अहमदाबादच्या साबरमती कारागृहात भुयार सापडले. ते खोदल्याचा आरोप 2008 च्या बॉम्बस्फोट खटल्यातील आरोपींवर आला. त्याच वर्षी सुरतेत ठिकठिकाणी न फुटलेले बॉम्ब सापडले होते. ते दिवस आपण विसरलेलो नाही. असे भुयार पळून जाण्यासाठी खोदतात. त्याला उत्तर पहारा हेच.

परंतु जून 2017 मध्ये मुंबईच्या भायखळा कारागृहात जे घडले, ते निराळे होते. एका शिक्षाधीन स्त्रीचा मृत्यू झाला. कर्मचाऱ्यांच्या मारहाणीमुळे तो झाल्याचा आरोप होता. बंदिवान स्त्रिया छतावर चढल्या, मोडतोड झाली, जाळपोळ झाली. सुमारे 200 स्त्रियांवर दंगलीचा गुन्हा नोंदला गेला, तर सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली. वादाचे मूळ काय, तर दोन अंडी आणि पाच पाव यांचा हिशेब लागत नव्हता, असे फिर्यादीत नमूद होते! लेखापरीक्षकाने यापुढे काय बोलावे? मोडलेल्या वस्तूंची किंमत लागेल. पण जादा पोलीस, चौकशी आणि वर्षानुवर्षांचे खटले यांचा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा? आणि गेलेल्या जिवाचा?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 अखेर देशातील कारागृहांत 4,36,266 जागांमध्ये 5,73,220 माणसे होती; त्यांतील 75.8 टक्के न्यायाधीन, म्हणजे अपराध सिद्ध न झालेली. शंभर जागांत एकशे एकतीस माणसे कोंडली की नळ आणि संडास हे केवळ वापरानेही मोडतात. अशा बराकीत सर्वांवर सरसकट दंड बसवणे म्हणजे शंभरांतल्या एकाचा गुन्हा नव्व्याण्णवांच्या माथी मारणे होय.

येथे मला गुरुजी आठवतात. सातवीत असताना मी ग्रंथालयाच्या कपाटाची काच फोडली. सर्व वर्गाकडून दंड घ्यावा, अशी सूचना आली. गुरुजींनी ती नाकारली आणि काच का फुटली, एवढेच विचारले. मी उभा राहिलो. कपाटाला अनेक महिने कुलूप होते आणि मला पुस्तक हवे होते, हे सांगितले. माझे वडील उधन्याच्या मागावर काम करीत; काचेचे पैसे त्यांच्या मजुरीतून गेले असते. गुरुजींनी मला आठ शनिवार फाटक्या पुस्तकांच्या बांधणीला बसवले. आणि नवव्या शनिवारी कपाटाचे कुलूप काढले.

या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या, यातच त्यांचा न्याय होता. नुसते कुलूप काढले असते, तर काच फोडली की काम होते, हे मी शिकलो असतो. नुसती शिक्षा झाली असती, तर पुढची काच दुसऱ्या कोणी फोडली असती.

म्हणून माझे मागणे साधे आहे. ज्याने मोडले हे सिद्ध होईल, त्याच्याकडून, त्याचे म्हणणे ऐकून, झेपेल तेवढी भरपाई श्रमातून घ्यावी. आणि अशा प्रत्येक घटनेनंतर दोन हिशेब लोकांपुढे ठेवावेत: काय मोडले, आणि मोडण्यापूर्वी कोणत्या तक्रारी किती दिवस पडून होत्या. पहिला हिशेब करणे सोपे असते. दुसरा मागण्याचा अधिकार मात्र बिल भरणाऱ्या आपणा सर्वांचा आहे, आणि तो आपण बजावीत नाही.