खारट आईस्क्रीम
(वसंत व्याख्यानमालेच्या बालविभागातील व्याख्यान)

सतरंजीवरच्या बालमित्रांनो, मागे खुर्च्यांवर मोठी माणसंही आहेत. त्यांनी ऐकावं, पण मध्येच उत्तरं देऊ नयेत.

या पातेल्यात बर्फाचा चुरा आहे, थोडं पाणी आहे आणि थर्मामीटर आहे. तापाचा नव्हे, प्रयोगशाळेतला. ये रे, निळा शर्ट. चमच्याने ढवळत राहायचं आणि मी विचारलं की आकडा सांगायचा. आत्ता किती? शून्य. शाबास.

स्थायू, द्रव, वायू तुम्हाला पाठ आहेत. कण, त्यांच्यातलं अंतर, तेही झालंय. पूजेतला कापूर पाणी न होता उडून जातो, तेही माहीत आहे. पुढे जातो.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. वर्गातही मी तीच सांगत आलो, म्हणून मुलांनी माझं नाव 'शून्य सर' ठेवलं होतं. (हशा) बर्फाचं पाणी होत असताना तुम्ही कितीही ऊब द्या, आकडा हलत नाही. ती उष्णता कणांची एकमेकांवरची पकड सोडवण्यात खर्च होते. तिला अप्रकट उष्णता म्हणतात. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळायला 80 कॅलरी लागतात. तेवढ्यात एक ग्रॅम पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापलं असतं! मागे एका पालकांनी विचारलं होतं, याला परीक्षेत मार्क किती? दोन. आहेत दोनच, मी काय करू?

ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने 1760च्या सुमारास हे ओळखलं. एका चंबूत गार पाणी, दुसऱ्यात तेवढाच बर्फ. ठरावीक आकडा गाठायला पाण्याला अर्धा तास लागला. बर्फाला वितळून तिथे यायला साडेदहा तास! त्याने हे छापलं नाही, व्याख्यानांतून सांगितलं. व्याख्यानं छापून आली 1803 साली, तो गेल्यावर. आपल्या चिटणीसांनी इतका उशीर करू नये.

बर्फ वितळण्यावरून आमचा आईस्क्रीमचा पॉट आठवला. दोनच मिनिटं घेतो. सुट्टीत आजोळी लाकडी बादली निघायची, मध्ये पत्र्याचा डबा, त्यात आटवलेलं दूध आणि आमरस. भोवती मामा एक थर बर्फाचा, एक जाड्या मिठाचा असं भरायचा. मोठी भावंडं दांडा फिरवणार आणि पॉट हलू नये म्हणून गोणपाट टाकून वर बसवणार मला! सगळ्यात धाकटा ना. बूड बधिर व्हायचं. एकदा विचारलं, "मामा, गोड आईस्क्रीमला मीठ कशाला?" मामा म्हणाला, "गप बस." मी बसलो नाही. दांडा बदलताना झाकण उचलून आत डोकावलो आणि खारं पाणी भसकन डब्यात. त्या दिवशी चौदा माणसांनी खारट आईस्क्रीम खाल्लं. आजी म्हणाली, "चाटून खा, लोणचं समजा."

मामाचं उत्तर मला पुढे कॉलेजात मिळालं. साखरेचं दूध शून्यावर घट्ट होत नाही, त्याला आणखी गार करावं लागतं. मिठामुळे बर्फ शून्याखालीही वितळत राहतो. वितळायला उष्णता हवी, ती तो दुधातून ओढतो. मिठाचं माप जमलं तर आकडा उणे 21 पर्यंत उतरतो. दूध गोठतं ते शेजारचा बर्फ वितळतो म्हणून!

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' अहो, वाफ राहिलीच की! मग एका दमात सांगतो. उकळत्या पाण्याची वाफ व्हायला ग्रॅमला 540 कॅलरी लागतात, म्हणून वाफेचा चटका पाण्याहून वाईट. माठाचं पाणीही झिरपून उडताना आतली उष्णता घेऊन जातं. बाकी घरी विचार करा.

निळा शर्ट, आकडा? शून्य. बर्फ? "अर्धाच राहिलाय सर." बघा, मे महिन्यातला हा हॉल इतका वेळ त्याला तापवतोय.

आता आभार होतील, मग चहा. आकडा हलताना ज्यांना बघायचाय त्यांनी इथे पातेल्याजवळ या. आईला सांगा, उशीर होईल.