आधी गेम, मग पदवी : गेम डिझाइनच्या पदवीधरांसमोरील दीक्षान्त भाषण

व्हिडिओ गेमची रचना म्हणजे नियमांची रचना. खेळाडूने काय करायचे, केल्यावर काय घडते, हार कशात आणि जीत कशात, हे जो ठरवतो तो गेम डिझायनर. चित्रकार, ॲनिमेटर, प्रोग्रॅमर, ध्वनिसंयोजक हे सगळे त्याच गेमवर राबतात, पण त्यांची कामे वेगळी आणि शिक्षणही बहुधा वेगळे. नियम काढून घेतले तर उरते ती नुसती चित्रफीत. आज या विषयाची पदवी घेणाऱ्या तुकडीचे अभिनंदन. डिझायनरच्या आणि इतरांच्या कामातला हा फरक प्रवेश घेताना फार थोड्यांना ठाऊक असतो आणि पदवी घेतानाही पुष्कळांच्या मनात पक्का झालेला नसतो, म्हणून सुरुवात इथून.

नियम रचण्याची कला संगणकाहून कितीतरी जुनी आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात 120 पाने असतात. दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येक संचात बारा पाने. निम्म्या संचांत आकडा वाढेल तशी पानाची किंमत वाढते, उरलेल्या निम्म्यांत ती उलटी उतरत जाते. डाव दिवसा मांडला तर पहिल्या उतारीचा मान रामाचा, रात्री मांडला तर कृष्णाचा. बाहेरचा उजेड खेळाच्या नियमात आणणारा हा रचनाकार कोण होता हे कुणाला माहीत नाही, पण तो पक्का डिझायनर होता. प्रस्तुत वक्त्याने शिकवायला सुरुवात केली तेव्हा पहिला तास याच पानांवर घेतला. एका गटाने नियम एका कागदावर लिहायचे, दुसऱ्या गटाने तो कागद वाचून खेळायचे, आणि लिहिणाऱ्यांनी तोंड उघडायचे नाही. पहिल्या दिवशी एकाही गटाचा डाव सुरू होऊ शकला नाही. लिहिणारे मागे उभे राहून तळमळत होते, खेळणारे कागद उलटसुलट करत होते. पुढे वर्षभर शिकवून जे कळले नसते ते त्या पहिल्या दिवशी कळले.

संगणकावरच्या खेळांचा इतिहासही करून पाहण्याच्या याच वाटेने गेला आहे. 1962 मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या साथीदारांनी पीडीपी-1 या यंत्रावर ‘स्पेसवॉर’ केला, तेव्हा त्यांच्यापुढे अभ्यासक्रम नव्हता. 1978 मध्ये तोमोहिरो निशिकादोने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ केला. त्यात परग्रहवासीयांच्या पाच रांगा, एका रांगेत अकरा. प्रोसेसर दुबळा असल्यामुळे 55 आकृत्या एकदम हलवताना तो मंद चाले. खेळाडू एकेक आकृती टिपत गेला की यंत्रावरचा भार कमी होई आणि उरलेल्या आकृत्या आपोआप वेगाने धावू लागत. हा यंत्राचा उणेपणा होता. निशिकादोने तो झाकला नाही, खेळात राहू दिला, आणि जिंकत जावे तसे संकट वाढावे हा नियम जगाला मिळाला. डिझायनरची नजर म्हणतात ती ही.

पदवी फार उशिरा आली. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात टायमेक्सचा घड्याळांचा कारखाना होता आणि 1980 च्या दशकात तिथे सिंक्लेअर स्पेक्ट्रम हा स्वस्त घरगुती संगणक जुळवला जाई. डेव्हिड जोन्स या कारखान्यातला उमेदवार. नोकरी गेली तेव्हा हातात आलेल्या पैशांतून त्याने नवा संगणक घेतला आणि गावातल्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकत असतानाच डीएमए डिझाइन ही कंपनी उभी केली. या कंपनीचा ‘लेमिंग्ज’ 1991 चा, ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ 1997 चा. ती तंत्रशिक्षण संस्था पुढे ॲबर्टे विद्यापीठ झाली आणि 1997 मध्येच तिथे संगणकीय खेळांची पदवी सुरू झाली. जगातली ती पहिली मानतात. कारखाना, मग मुलांच्या हाती पडलेली यंत्रे, मग गेम, आणि सर्वांत शेवटी पदवी, असा तो क्रम होता. भारतात पुष्कळ ठिकाणी हा क्रम उलटा लागला आहे. इमारत आधी, फी आधी, आणि विद्यार्थ्याचा पहिला पुरा गेम कधी होणार याचे वेळापत्रकच नाही.

उत्तर अमेरिकेत डिजिपेन या संस्थेने निंटेंडोच्या सहकार्याने 1994 मध्ये व्हँकूव्हर इथे गेम प्रोग्रॅमिंगचा अभ्यासक्रम सुरू केला आणि नंतर ती अमेरिकेतल्या रेडमंडला गेली. तिथल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने 2005 मध्ये ‘नार्बाक्युलर ड्रॉप’ नावाचा छोटा गेम केला. भिंतीवर दोन दारे उघडायची, एकातून शिरायचे आणि दुसऱ्यातून बाहेर पडायचे, एवढाच त्याचा नियम. व्हॉल्व्ह कंपनीने तो पाहिला आणि सगळ्या गटाला नोकरीवर घेतले. 2007 चा ‘पोर्टल’ त्याच नियमातून उभा राहिला. ‘नार्बाक्युलर ड्रॉप’ची चित्रे सामान्य होती. पण गेम पुरा झालेला होता, अनोळखी माणसाच्या हातात देता येत होता. शिक्षणाने नोकरीची तयारी कशी होते याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

विद्यापीठात काय शिकवतात ते आता सर्वत्र थोड्याफार फरकाने सारखे झाले आहे. युनिटी आणि अनरिअल ही दोन इंजिने, सी शार्प किंवा सी प्लस प्लस, सदिश आणि त्रिकोणमिती, लेव्हल डिझाइन, कथालेखन, कागदी नमुने, प्लेटेस्ट. सिद्धान्तात रॉबिन हुनिके, मार्क लब्लाँ आणि रॉबर्ट झुबेक यांनी 2004 मध्ये मांडलेली चौकट बहुतेकांना भेटते. डिझायनर नियम करतो, नियमांतून वर्तन उपजते, वर्तनातून अनुभव. खेळाडू मात्र अनुभवाच्या टोकाकडून आत शिरतो. चौकट उत्तम आहे. परीक्षेत तिच्यावर पाच गुण मिळतात आणि ती तिथेच संपते, हे दुःख.

वक्ता स्वतः हे काही शिकलेला नाही. सांगलीहून अभियांत्रिकी करून तो 2004 मध्ये अंधेरीतल्या एका छोट्या कंपनीत लागला, तेव्हा मोबाइलवरचे गेम जावा भाषेत लिहिले जात. नोकियाच्या सिरीज 40 च्या पुष्कळ फोनांवर अख्खा गेम 64 किलोबाइटांत बसवावा लागे आणि पडदा 128 गुणिले 128 पिक्सेलचा असे. आज एका फोटोलाही तेवढी जागा पुरत नाही. टेबलावर ताटात भाज्या मांडाव्यात तसे चाळीस फोन मांडलेले असत, प्रत्येकावर चिकटपट्टीने नंबर. गेम एकदा करायचा आणि मग प्रत्येक फोनसाठी तो पुन्हा छाटायचा, त्याला पोर्टिंग म्हणत. कंपनीत गेम डिझायनर असे पदच नव्हते. नेमणूकपत्रावर ‘कंटेंट एक्झिक्युटिव्ह’ लिहिलेले होते, आणि घरचे नातेवाइकांना ‘मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढेच सांगत.

त्या वर्षी एक क्रिकेटचा गेम चालू होता आणि तो 64 मध्ये मावत नव्हता. वक्त्याने गोलंदाजाच्या रनअपची बारा चित्रे कापून चार केली. गेम मावला आणि बिघडला. चेंडू कधी सुटणार याचा अंदाज बांधायला फलंदाजाला वेळच उरला नाही. दोन दिवस कुणालाच काही कळेना. शेवटी बारा चित्रे परत आणली आणि स्टेडियम काढून टाकले. प्रेक्षक गेले, झेंडे गेले, मागे नुसता हिरवा रंग राहिला. गेम पुन्हा रंगला. त्या बारा चित्रांतच तो खेळ होता, बाकी सगळी सजावट. हे कळायला पदवी लागली नाही, पण चांगल्या पदवीने ते पहिल्या सत्रात कळायला हवे.

त्याच गेमचा सर्वांत मोठा दोष कंपनीतल्या कुणालाही सापडला नव्हता. खालच्या टपरीवरून चहा आणणारा एक मुलगा रोज संध्याकाळी मोकळा फोन उचलून खेळे. एके दिवशी त्याने पाचचे बटण न थांबता दाबत राहून एका षटकात सहा षटकार मारले आणि फोन खाली ठेवून दिला. त्यानंतर त्याने तो गेम कधी उचलला नाही. गटातले सगळे जण चेंडूची वाट पाहून बटण दाबत, कारण त्यांना तसे खेळणे अपेक्षित होते. त्या मुलाला काहीच अपेक्षित नव्हते. दुसऱ्या दिवशी नियम बदलला. बटण आधी दाबले तर बॅट हवेत फिरेल आणि सावरायला अर्धा सेकंद जाईल. गेम 50 रुपयांना विकला जाई. त्यातला मोठा वाटा मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्या ठेवून घेत आणि उरलेल्या चिल्लर रकमेवर चौदा जणांचे पगार भागत. त्या मुलाचे नाव गेममध्ये कुठेही नव्हते. नावांच्या पडद्यासाठी दोन किलोबाइट लागले असते, ते कुणी दिले नाहीत.

नावांचा हा प्रश्न पुढे अधिक बोचरा झाला. नंतरच्या एका नोकरीत वक्ता परदेशी गेमसाठी काम पुरवणाऱ्या स्टुडिओत होता. चौदा महिने वीस माणसांनी एका मोटारशर्यतीच्या गेमसाठी भिंती, खिडक्या, पिंपे, दिव्यांचे खांब केले. गेम बाजारात आला तेव्हा एका चित्रकाराने आईवडिलांना घरी बसवून शेवटची नावे दाखवायला घेतली. नावे कित्येक मिनिटे सरकत राहिली. स्टुडिओचे नाव एका ओळीत येऊन गेले, माणसांपैकी एकाचेही आले नाही. करारात तसे लिहिलेच होते, पण तो करार त्या वीस जणांपैकी कुणालाही वाचायला दिलेला नव्हता. पुढच्या नोकरीला अर्ज करताना चौदा महिन्यांचा पुरावा काय दाखवायचा, हा प्रश्न प्रत्येकापुढे उभा राहिला. हा अन्याय आहे आणि या व्यवसायात तो अजून चालू आहे. पदवीधराने पहिल्या करारावर सही करण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. गेममध्ये नाव येईल का? आणि केलेले काम पोर्टफोलिओत दाखवता येईल का?

सेवा पुरवणाऱ्या स्टुडिओंवर उद्योग उभा राहिल्याचा परिणाम वर्गावरही झाला. स्टुडिओंना हात हवे होते, म्हणून संस्थांनी हात घडवले. विद्यार्थी तीन वर्षांत सुंदर तलवार, सुंदर दरवाजा, सुंदर राक्षस करतो. त्या तलवारीने काय करायचे हे त्याने एकदाही ठरवलेले नसते. मुलाखतीत पोर्टफोलिओ उघडला की तलवारी दिसतात. ‘गेम कुठे आहे?’ असे विचारले की उत्तर येते, ‘अजून पूर्ण व्हायचाय.’ वक्त्याने गेल्या काही वर्षांत हे उत्तर इतक्यांदा ऐकले आहे की आजच्या भाषणात दुसरे काही सांगितले नाही तरी चालेल, पण हे सांगायलाच हवे. अपुरा गेम दाखवू नये. लहान करावा, कुरूप असला तरी चालेल, पण पुरा करावा. सुरुवात, हार, जीत आणि पुन्हा सुरुवात, हे चारही त्यात असावे.

पुण्यात याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या गटाने ‘राजी’ हाती घेतला तेव्हा 2017 मध्ये लोकांकडून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. गट थांबला नाही. ऑगस्ट 2020 मध्ये गेम निंटेंडो स्विचवर आला आणि नंतर इतर यंत्रांवरही गेला. त्यातल्या मंदिरांची आणि भित्तिचित्रांची वाहवा झाली, ती व्हायला हवीच होती. पण अधिक कौतुक याचे की तो शेवटपर्यंत नेला.

नोकरीचे चित्र सध्या कठीण आहे. 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षांत जगभरच्या गेम कंपन्यांनी मिळून दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे कमी केली. भारतात बरीच वर्षे ‘गेमिंग’ म्हणून जी पदे निघत ती पैसे लावून खेळायच्या रमीची आणि तत्सम खेळांची होती. पगार मोठे, म्हणून चांगली मुले तिकडे गेली आणि माणसाने उठून जाऊ नये यासाठी नियम रचत राहिली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि ती दारे एका आठवड्यात बंद झाली. त्यात घरी बसलेल्यांबद्दल वक्त्याला सहानुभूती आहे, त्या नियमांबद्दल नाही. त्याच वर्षी मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बेंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेच. जागा वाढतील. त्यांतून तलवारी बाहेर पडतील की गेम, हे पहिल्या सत्रात काय करायला लावतात त्यावर ठरेल.

पदवीनंतरचे पहिले तीन महिने नोकरी असो वा नसो, असे वापरता येतात. एक नियम निवडायचा. तीन मिनिटांत संपेल एवढाच गेम करायचा. चित्रांऐवजी चौकोन आणि गोल वापरायचे. पाच अनोळखी माणसांच्या हातात तो द्यायचा, त्यांत गेम कधीच न खेळलेला एक तरी असावा, आणि मागे वही घेऊन गप्प उभे राहायचे. खेळाडू अडखळला की ‘इथे दाबा’ असे म्हणायचा मोह होतो. तो आवरला की वही भरते. मग नियम दुरुस्त करून पुन्हा पाच नवी माणसे शोधायची. इच डॉट आयओ या संकेतस्थळावर गेम ठेवायला पैसे पडत नाहीत. स्टीमवर प्रत्येक गेममागे 100 डॉलर भरावे लागतात आणि विक्री 1000 डॉलरपर्यंत गेली की ते परत मिळतात. गेम वर चढवण्याआधी शेवटच्या पडद्यावर सगळ्यांची नावे घालावीत, ज्यांच्यावर तो तपासला त्या पाच-दहा जणांचीसुद्धा. 64 किलोबाइटांची अडचण आता राहिलेली नाही.