चिप घडवणारी बाई आणि तिची रजा



कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली आला. तक्रार समितीवर बाहेरची एक सदस्य घ्यावी लागते, म्हणून मी पुण्यातल्या एका चिप-डिझाइन कंपनीत जाते. खरं सांगते, पहिल्यांदा गेले तेव्हा मनात आलं, वस्तीतलं काम सोडून या मोठ्या पगाराच्या बायकांकडे कशाला?

तिथे एक सीनियर इंजिनिअर भेटली. तिला विचारूनच हे सांगतेय. बिनतारी इअरफोनची चिप तिचा गट बनवतो. इअरफोनची बॅटरी एवढीशी, म्हणून चिपचा जो भाग त्या क्षणी लागत नाही तो बंद ठेवायचा. कुठला भाग कधी बंद, कधी जागा, हे ठरवणं तिचं काम. आराखडा पुरा करून तैवानच्या कारखान्याकडे पाठवतात, त्याला 'टेप-आउट' म्हणतात. त्यानंतर सर्किटात चूक सापडली की नवे मास्क, प्रचंड खर्च आणि कित्येक महिने वाया. म्हणून आधीचे काही आठवडे रात्री अकरा-बारापर्यंत अमेरिकेशी कॉल.

बाळंतपणाची रजा २०१७ मध्ये १२ आठवड्यांवरून २६ झाली. ती तिला पगारासकट मिळाली. पाळणाघरही आहे. परत आली तेव्हा तिचं काम मात्र एका ज्युनिअर मुलाकडे गेलं होतं. हिच्या वाट्याला कागदपत्रं लावणं. "तुला आता रात्रीचे कॉल नकोच असतील," साहेब अगदी प्रेमाने म्हणाले. तिने असं कधी म्हटलंच नव्हतं! (घरी सासूबाईंनीही तेच ठरवून टाकलेलं.) वर्षअखेरीला शेरा मिळाला, 'सरासरी'.

ही तक्रार आमच्या समितीत बसत नाही. कोणी अंगाला हात लावला नाही, वाकडं बोललं नाही. रजेवरच्या बाईच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करू नयेत, असं कायदा म्हणतो. पण पगार तोच, हुद्दा तोच, मग बदललं काय, असं कंपनीचं म्हणणं. अहो, बदलायचं ते सगळंच बदललं! त्या धंद्यात माणसाची पत, किती चिप तडीस नेल्या यावर ठरते.

आम्ही दोघींनी बसून अर्ज लिहिला : काम का काढलं ते लेखी द्या. ती 'कृपया', 'शक्य असल्यास' घालत होती, मी खोडत होते. शेवटी एक 'कृपया' राहू दिला. अर्ज गेल्या सोमवारी दिलाय.