पंप तोच की दुसरा?

समुद्रातल्या एखाद्या तेलफलाटावर 'पी-१०१' नावाचा पंप आहे असं धरू. फलाट तीस-चाळीस वर्षं चालतो, पंप काही तितका टिकत नाही. आराखडा करणारा इंजिनिअर म्हणतो, पी-१०१ जागेवर आहे. मेंटेनन्सवाला म्हणतो, तो तर केव्हाच भंगारात गेला. दोघंही खरंच बोलतात. पण संगणकात दोघांच्या नोंदी एकाच नावावर पडल्या, की जुन्या पंपाचे बिघाड नव्याच्या खात्यावर चढतात. चाळीतल्या बारा नंबरच्या खोलीत भाडेकरू बदलला, तर आधीच्याचं थकलेलं भाडं नव्याकडे मागतात का?

ऑन्टॉलॉजी हा गुंता सोडवते. फलाटावरची जागा वेगळी, तिथे बसवलेला सीरियल नंबरचा पंप वेगळा आणि कॅटलॉगातलं मॉडेल तिसरंच. त्यांची आपसातली नाती संगणकाला कळतील अशा नियमांत मांडायची, हीच ऑन्टॉलॉजी. तेल उद्योगासाठीच्या 'आयएसओ १५९२६' या मानकाचा दुसरा भाग २००३ साली आला. त्यात काळही धरलाय: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत हा पंप पी-१०१चं काम करत होता. मग एकच पंप एकाच वेळी दोन जागी नोंदला गेला, तर यंत्रणेला ते पकडता येतं.

पण भाबडेपणा नको. ऑन्टॉलॉजी लिहिण्याची 'आउल' ही भाषा २००४पासून प्रमाण आहे. तिच्या लेखी नोंद नाही म्हणजे फक्त 'माहीत नाही'. तपासणीची तारीख भरायची राहिली, तर ती चकार शब्द काढत नाही. त्यासाठी वेगळे नियम लावावे लागतात. शिवाय आयएसओचं ते मानक इतकं अमूर्त आहे, की कारखान्यातला माणूस वाचताना घायकुतीला येतो. माझ्या मते खरं काम संगणकाचं नाहीच. डिझाइन, स्टोअर आणि मेंटेनन्स यांना एका टेबलाशी बसवून 'पार्ट' कशाला म्हणायचं ते ठरवणं, यातच महिने जातात.

आता 'तोच की दुसरा?' हा प्रश्न कायद्यातही आलाय. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७पासून विजेवरच्या गाड्यांच्या प्रत्येक बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागेल. गाडीतून काढलेली बॅटरी पुढे सौरवीज साठवायला नव्याने तयार केली, तर ती जुनीच की नवी? युरोपीय कायदा म्हणतो, तिला नवा पासपोर्ट द्या आणि तो जुन्याशी जोडा.