घसा बरा झाला, तरी गोळ्या पुऱ्या करा

बचत गटाच्या आम्ही बायका आज मुलांच्या घशाबद्दल बोलणार आहोत.

घसा दुखतो तो बहुतेक वेळा विषाणूंमुळे. सोबत सर्दी-खोकला असतो, आवाज बसतो. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, गरम पातळ पेज आणि विश्रांती, एवढ्यावर आठवडाभरात बरं वाटतं. तिथे अँटिबायोटिक गोळ्यांचा काहीच उपयोग नसतो.

पण 5 ते 15 वर्षांच्या मुलांना स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूमुळेही घसादुखी होते. अचानक ताप भरतो, थुंकी गिळतानाही दुखतं, टॉन्सिल लाल होऊन त्यांवर पांढरे डाग दिसतात, जबड्याखाली दुखऱ्या गाठी येतात. खोकला मात्र सहसा नसतो. असं दिसलं की प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. श्वासाला त्रास होत असेल, तोंड उघडत नसेल, तर त्याच घटकेला दवाखाना गाठा.

डॉक्टर बहुधा पेनिसिलीनच्या गटातलं औषध 10 दिवसांसाठी देतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, पोर अंगणात खेळायला लागतं आणि आपण उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवतो, पुढच्या वेळेला होतील म्हणून. काटकसर आपल्या अंगवळणी पडली आहे. गट तिच्यावरच उभा आहे. पण ही बचत फार महागात पडते.

कारण जंतू पुरते गेले नाहीत, तर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो. आज गुडघा सुजतो, उद्या घोटा. आपण म्हणतो, खेळून दुखत असेल. आत मात्र जंतूंशी लढणारी शरीराची ताकद उलटून स्वतःच्याच हृदयावर घाव घालते. हृदयाच्या झडपा खराब होतात. मुलगी मोठी होते, सासरी जाते, आणि पोटात बाळ असताना धाप लागायला लागते, तेव्हा कुठे हे कळतं. मग वर्षानुवर्षं औषधं, कधी ऑपरेशनसुद्धा.

म्हणून मैत्रिणींनो, गोळ्यांचा शेवटचा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. एकाच्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नका. घसा दुखून गेल्यावर मुलाचे सांधे सुजले, तर डॉक्टरांना आधीची घसादुखी आठवणीने सांगा. शंका असेल तर आशाताईंना विचारा.