रंगाआधीचे काम

(जीर्णोद्धार समितीने बोलाविलेल्या ग्रामस्थांच्या सभेतील भाषण)



सभामंडप उभा राहून दोन महिने होत आले, तरी रंगाचा हात का नाही, असे मंडळी विचारतात. आपण घामाचा पैसा दिला आहे. विचारण्याचा आपला अधिकारच आहे.

मागची चूक माझी होती, ती आधी कबूल करतो. ओवरीचा गिलावा होऊन बाराच दिवस झाले होते. हनुमानजयंती तोंडावर आली, म्हणून मी घाईने ऑईल पेंट मारायला लावला. आषाढात पोपडे सुटले. ताज्या सिमेंटात चुन्याचा तीव्र क्षार असतो. ओलीबरोबर तो रंगातल्या तेलाला भिडला की तेलाचा साबण होतो. मग रंग धरणार कशाला? निदान 28 दिवस थांबायला हवे होते, पावसाळ्यात त्याहून जास्त. भोसरीच्या कारखान्यात मी तीस वर्षे पेंट शॉपला होतो. पत्र्याचे तेल काढून फॉस्फेट दिल्याशिवाय तिथे प्राइमर लागत नसे. ती शिस्त मी देवाच्या दारी विसरलो.

चिंचवडचे मोरया गोसावींचे समाधिमंदिर पाषाणाचे. आपला मंडप सिमेंटचा. त्याची तऱ्हा निराळी.

बीमवर पाणी शिंपडले तर थेंब मोत्यासारखे उभे राहिले. म्हणजे सेंट्रिंगच्या फळ्यांना लावलेले तेल अजून तिथे आहे. कोणी म्हणाले, ॲसिड मारा. पण ॲसिडने तेल जात नाही, उलट हात भाजतात. म्हणून साबणाच्या पाण्याने घासून धुतले. वरची सिमेंटची भुसभुशीत साय तारेच्या ब्रशने काढली, गुळगुळीत जागी कार्बोरंडमचा दगड फिरवला. खडी उघडी पडली होती ती भोके मसाल्याने भरली. पोरांनी चार रविवार श्रमदान केले, त्याचे पैसे वाचले.

आता राहिली ओल. दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद खांबाला चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून दव दिसले किंवा सिमेंट काळवंडले, तर थांबायचे. पश्चिमेचे खांब कोरडे निघाले. पूर्वेच्या दोघांत पन्हळीचे पाणी मुरत होते. पन्हळ दुरुस्त केली आहे.

आज संध्याकाळी तिथे पुन्हा कागद लावतो आहोत. उद्या काकड्यानंतर तो सर्वांसमक्ष काढू. ज्यांना शंका असेल त्यांनी अवश्य यावे.